गोडदेवच्या म्युलरबाई

एखाद्याच्या आडनावाचे किस्से कधी साठत जातात, कळत नाही. आमच्या कारखान्यातल्या मंदाताईंच्या आडनावाचे असेच साठले. सांगताना आम्ही हसायचो, पण त्यांच्यासमोर कधी नाही.

मंदाताई मूळच्या रत्नागिरीच्या, आमच्या भाईंदरच्या ऑफिसात टायपिस्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जर्मनीहून एक मशीन आलं आणि ते बसवायला क्लाउस म्युलर आला. त्याने मंदाताईंशी रीतसर लग्न केलं. गोडदेवला माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये दोघं राहिली, रेणू झाली. मग "तिकडे घर बघतो आणि बोलावून घेतो," म्हणून गेला. गेला तो गेलाच. त्याच्या कंपनीने कळवलं, नोकरी सोडली, पत्ता माहीत नाही.

*

पुढे दुसरा एक जर्मन इंजिनिअर आला. मंदाताईंनी चहा देतादेता विचारलं, "क्लाउस म्युलर माहितीयेत का?"

तो हसला. म्हणाला, जर्मनीत याच्याइतकं कॉमन आडनाव दुसरं नाही. पूर्वी गावोगावी पीठ दळणारा एक माणूस असायचा, तो म्युलर. जितकी गावं, तितके म्युलर.

संध्याकाळी मंदाताई माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गिरणीवालाच की गं. तो तर नाक्यावरपण होता."

*

एकदा साहेबांनी ऑफिसातून जर्मनीला फोन लावू दिला. क्लाउसची जुनी कंपनी कोलोन शहरातली, म्हणून तिथली टेलिफोन-चौकशी लावली. मी शेजारीच बसले होते. तिकडची बाई इंग्रजीत म्हणाली, "क्लाउस म्युलर खूप आहेत. तुम्हाला कुठला हवाय?"

मंदाताई रिसीव्हर धरून बसल्या. जन्मगाव माहीत नाही, बापाचं नाव माहीत नाही. शेवटी हळूच म्हणाल्या, "एनी वन."

*

दंगलीच्या दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी शाहभाई रंगाचा डबा घेऊन आले. "बेन, बुरा मत मानना. कोई जल्दी में मुल्ला पढ लेगा." त्यांनी दारावरच्या पाटीवर रंग फासला आणि वर 'मुळे' लिहिलं.

मी म्हटलं, "मंदाताई, वातावरण निवळलं की परत लिहून घेऊ."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "त्या नावाचं घरात राहतंय कोण?"

शाळेत रेणू म्युलरच राहिली.

*

रेणू चौथीत असताना मशीन बिघडलं आणि दुरुस्तीला एक म्हातारा जर्मन आला. आडनाव म्युलर. क्लाउसशी काही नातं नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. तरी मंदाताईंनी त्याला जेवायला बोलावलं. सुरमई तळायला मी मदतीला गेले होते.

रेणू दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मग शाळेतल्या इंग्रजीत तिने विचारलं, "आर यू म्युलर?"

"येस," तो म्हणाला.

ती आत गेली. प्रगतिपुस्तक आणि पेन आणून तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

म्हाताऱ्याने मंदाताईंकडे पाहिलं. मी वाट पाहत होते, आता त्या रेणूला ओरडतील.

मंदाताईंनी पदराला हात पुसले, वाकून एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "हिअर. फादर."