ऐकू न येणाऱ्याचा विश्वास

शर्मिला उजागरे कोथरूडच्या एका चर्चमध्ये दर रविवारी पाळकांच्या शेजारी उभी राहून त्यांचा उपदेश हातांच्या खुणांनी सांगते. समोरच्या बाकावर चार-पाच कर्णबधिर माणसं बसतात. धायरीचा सलिल साळवे त्यांतलाच. छापखान्यात पुस्तकं बांधायचा.

गेल्या वर्षी बायबलमधल्या पौलाच्या 'रोमकरांस पत्रा'वर उपदेश होता. विश्वास ऐकण्याने येतो, असं पाळक म्हणाले. शर्मिलाने ते खुणेने सांगितलं, तसा सलिल उठून उभा राहिला. त्याने कानाकडे बोट नेलं, मान हलवली, मग तेच बोट छातीवर टेकवलं. मग माझं काय?

"पुढच्या रविवारी सांगते," तिने खुणावलं. त्याच आठवड्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला.

ते बोट तिची पाठ सोडेना. भाजी घेताना शेजारच्याने कान खाजवला तरी ती दचकून वळून बघायची. उपदेश सांगताना बाकावरच्या मोकळ्या जागेवरून कुणीतरी आपले हात वाचतंय असं वाटायचं.

तिने पाळकांना विचारलं.

"अहो, ऐकणं म्हणजे मनाने ऐकणं."

"आपल्याला कान आहेत, म्हणून सोपं वाटतं."

मग ती स्वतःच बायबल उघडून बसली. शमुवेलाला देवाने नावाने हाक मारली. मोशेला आधी जळतं झुडूप दिसलं, हाक नंतर आली. योहानाच्या शुभवर्तमानात तर न बघता विश्वास ठेवणारेच धन्य. कुठे कान हवा, कुठे डोळा, कुठे तोही नको. लूकच्या शुभवर्तमानापाशी मात्र ती थबकली. म्हातारपणी मुलगा होईल हे देवदूताचं बोलणं खरं न मानल्याने जखऱ्या नावाच्या याजकाची वाचा गेली होती, आणि लोक त्याला खुणांनी विचारत होते. म्हणजे त्याला ऐकूही येत नसणार! तरी देवाचा निरोप शेवटी त्याला पटलाच.

हे सांगायला ती धायरीला सलिलच्या आईकडे, बायडाबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला वाचता येत न्हाई, ताई. पण एक सांगा. जेवायच्या आधी तो असं करायचा." त्यांनी दोन्ही तळवे उपडे धरले, थरथरवले आणि हळूच उलटे केले. "याचा अर्थ काय?"

शर्मिलाने ती खूण कधीच पाहिली नव्हती.

"मला नाही माहीत, मावशी."

"देवाला म्हाईत असंल?"

बायडाबाईंनी पुन्हा तळवे धरले. शर्मिलानेही आपले त्यांच्याशेजारी धरले. चारही हात थरथरू लागले, आणि ते वाचायला कुणी आत आल्यासारखं वाटून दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.