खंडेनवमीला हरवलेला नट

आमच्या गाडीचं तेल बदलायचा दिवस आला की माझ्या कपाळाला आठी पडायची. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचे हे बेळगावात वकिली करायचे आणि त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती. तिला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा यांचा हट्ट. त्यामुळे इंजिनातलं जुनं तेल काढायचं कामही घरीच. हे धोतर खोचून गाडीखाली शिरणार, बुडाचा नट सोडणार आणि घमेल्यात पडायच्या आधी निम्मं तेल यांच्या कोपरावरून ओघळणार. मग तीच काळी पावलं परसातून थेट स्वैपाकघरापर्यंत. सासूबाई जवळच्याच बेळगुंदी गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. स्वतः सारवलेल्या परसात तेलाचं थारोळं बघून त्या जे बोलायच्या, ते वकिलालाही खोडता यायचं नाही.

शेवटी मीच पदर खोचला. रॉकेलचा डबा आडवा कापून त्याचं पसरट भांडं करवून घेतलं. भोवती भाताचं तूस पसरलं, म्हणजे सांडेल ते तिथंच जिरेल. गाडीची पुढची चाकं फळ्यांवर चढवायची, इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे तेल पातळ होऊन सरळ धारेनं पडतं. आणि मुख्य म्हणजे, सुटलेली प्रत्येक वस्तू रॉकेलनं धुऊन, पुसून पांढऱ्या फडक्यावर मांडायची.

"हे काय ऑपरेशन आहे का?" हे म्हणाले.

"होय, आणि डॉक्टर मी आहे," मी म्हटलं.

पहिल्यांदा हा थाट केला तो खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी दसरा. सासूबाईंना सोनं वाटायला बेळगुंदीला न्यायचं होतं, तर गाडी ताज्या तेलावर जावी म्हणून. सकाळी सगळं माझ्या मनासारखं झालं. परसात एक डाग नाही. तो नट पितळेचा आहे हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं तो काळाच दिसायचा. धुतल्यावर असा चकाकला की मी तो फडक्याच्या मधोमध ठेवला, शेजारी नट सोडायचे दोन लोखंडी पाने. तळाचे थेंब निथळू देत म्हणून आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यात बेळगुंदीचा एक गाडीवान आला आणि भांड्यातलं काळं तेल बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून घेऊन गेला. मी भलतीच खूश होते.

जेवून बाहेर येते तर फडकं रिकामं.

"मी नेली हत्यारं पूजेला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या गावी खंडेनवमीला नांगराचा फाळ, विळे, खुरपी सगळं देवीपुढं मांडायचे. इथं आल्यापासून त्यांची तक्रार, "वकिलाच्या घरात पुजायला काय हाय? एक लिवायचा टाक आन् एक अडकित्ता!" यंदा दोन लोखंडी पाने मिळाल्यावर त्या हरखल्या होत्या. एकदा हळदकुंकू लागलं की हत्यार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं.

"आणि नट?" यांनी विचारलं.

"मी हत्यारं तेवढी नेली बाबा. दुसऱ्या कशाला हात न्हाय लावला."

तुसात पडला असेल, उद्या शोधू, म्हणून आम्ही तो विषय सोडला. उद्यापर्यंत गाडी लागणारच कुणाला होती?

उन्हं कलायच्या सुमारास निपाणीहून माणूस आला, माझ्या भावाच्या तंबाखूच्या वखारीतला. पायरीवरूनच म्हणाला, "आक्का, आईचं लई बिघडलंय. सारखं तुमचंच नाव घेत्यात. काय तरी सांगायचंय म्हणत्यात. लगीच चला."

तो आला ती शेवटची सर्व्हिस मोटार. आता सकाळशिवाय दुसरी नव्हती. आणि आमची गाडी परसात फळ्यांवर उभी, बुडाला भोक, पोटात तेलाचा थेंब नाही.

पुढचे दोनतीन तास मला आजही नीट लावता येत नाहीत. मी तूस चाळणीनं चाळलं, मग सुपानं पाखडलं, मग परत चाळलं. परसातला चुलीच्या राखेचा ढीग उपसला. हे कॅम्पातल्या मिस्त्रीकडे धावले, तर त्याच्या दाराला झेंडूचं तोरण आणि कुलूप. परत येऊन यांनी लाकडाची खुंटी तासली, भोकात ठोकली, थोडं नवं तेल ओतून पाहिलं. ते झिरपत खाली आलं. मध्येच मला वाटायचं, नट आपण फडक्यावर ठेवलाच नव्हता. मध्येच त्याचा चकाकता रंग डोळ्यांपुढं यायचा. निपाणीचा माणूस पायरीवर बसून आमच्याकडे बघत होता. काय शोधतोय हे त्याला कळेना, आणि मला समजावून सांगता येईना. आई तिकडे बोलावत होती आणि मी तूस पाखडत होते. शेवटी, नट तेलाबरोबर गेला असणार, असं ठरवून हे सायकलवर बसले आणि गाडीवानाच्या मागं बेळगुंदीला निघाले.

दिवेलागण झाली. सासूबाईंनी समई लावली. करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून मी देवीपुढं जाऊन डोकं टेकलं. आईसाठी काय मागावं तेही सुचत नव्हतं. डोकं वर उचललं तर समोर दोन पाने, टाक, अडकित्ता, आणि झेंडूच्या फुलाखालून काहीतरी पिवळं चमकत होतं. त्यावर कुंकवाचं बोट.

मी किंचाळलेच. सासूबाई धावत आल्या.

"ह्यो? ह्यो पायजे व्हय गाडीला? किती नितळ हुता गं, मला वाटलं हत्याराचंच काय तरी."

पूजेत हात घालायचं धाडस होईना, आणि घालू का असं विचारवेनाही. त्या क्षणभर देवीकडे बघत राहिल्या. मग त्यांनीच नमस्कार केला, नट उचलला, दोन्ही पाने उचलले आणि माझ्या ओंजळीत ठेवले.

"पूजा मोडली न्हाय पोरी. तुझ्या आईकडं निघालीया ती. जा."

हे रिकाम्या हातानं, कोपरापर्यंत काळे होऊन परतले, ते तसेच गाडीखाली शिरले. मी नटावरचं कुंकू पुसायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

निपाणीला पोचलो तेव्हा आईनं मला ओळखलं. माझा हात धरला, ओठ हलवले, पण आवाज आला नाही. भाऊ म्हणाला, दिवे लागेपर्यंत बोलत होती. पहाटे ती गेली. तिला काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही.

मी कुणावर रागवावं, हेही अजून कळलेलं नाही. सासूबाईंनी तो नट नेला नसता तर मी आईचा आवाज ऐकला असता. त्यांनी तो पूजेतून उचलला नसता तर आईचा हातही माझ्या हातात आला नसता. आणि नट नेहमीसारखा काळाकुट्ट असता तर त्यांनी त्याला शिवलंही नसतं. या तीन गोष्टी मी कितीदा पुढंमागं लावून पाहते, पण हिशेब काही जुळत नाही.

सासूबाई त्या दिवसाबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. पण पुढं दर खंडेनवमीला हळदकुंकवाचं ताट हातात घेऊन त्या परसदारी यायच्या आणि विचारायच्या, "गाडीचं गाडीत हाय न्हवं?"

"आहे, आत्याबाई."

"तसं न्हाय, हात लावून बघून ये."

मी गाडीखाली वाकून नट चाचपून यायचे. बोटं काळी व्हायची. परसात तेलाचा थेंब न खपवून घेणाऱ्या सासूबाई तेव्हा ताट खाली ठेवायच्या आणि माझी बोटं आपल्या नव्या लुगड्याच्या पदराला पुसायच्या.