उजवं दार

दादा चहा उभ्यानं पितात, तोही निम्मा. फोनवर बोलताना गॅरेजला फेरी मारतात. बोलणं लांबलं तर दोन. लिफ्टची वाट बघत नाहीत. परक्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. कुठल्याही दारापाशी आधी थांबतात, वरपासून खालपर्यंत फट न्याहाळतात, मग आत जातात. दवाखान्यातसुद्धा. जेवताना त्यांचा एक पाय चपलेत असतो. "लग्नाच्या फोटोत सगळे नीट आलेत," त्यांची बायको सांगते, "हे तेवढे धुरकट."

गॅरेज त्यांच्या धाकट्या भावाचं. दादा तिथे गाड्यांची अंगं जुळवतात. दारं, मडगार्ड, बॉनेट. मालकाचे थोरले भाऊ, म्हणून सगळ्यांचेच दादा. पण हुकूम त्यांना कधी जमला नाही. दुसऱ्याला सांगेपर्यंत स्वतःच करून मोकळे होतात.

रंगाचं काम एक बाई करते. तिला सगळे पेंटर म्हणतात, दादा पेंटरबाई म्हणतात. त्यांचं संपलं की तिचं सुरू होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं ती त्यांची वाट बघत आली आहे. त्या वाट बघण्यातच कधीतरी मैत्री झाली.

या खेपेला गाडी जुनी होती. बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार, अंग सगळं फायबरचं. पत्रा असता तर ठोकून वाकवता आला असता. फायबर वाकत नाही. रुसतं, आणि फार आग्रह केला की तडकतं. मग बिजागरीमागे पातळ पट्ट्या घालायच्या, दार लावून बघायचं, उतरवायचं, पट्टी काढायची, पुन्हा लावायचं. तरीही जमलं नाही तर कड घासायची, नाहीतर रेझिनचा थर चढवून वाढवायची. त्यातून ही गाडी कुणीतरी हातानं साच्यात घडवलेली. डावं दार उजव्याशी मिळतंजुळतं नव्हतं.

"सख्खी आहेत," दादा म्हणाले, "जुळी नाहीत. प्रत्येकाचे लाड वेगळे."

डावं दार झाल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा ती खूश झाली. फट रेघ ओढल्यासारखी होती. तिनं पॉलिश पेपर ओला करून पहिला हात फिरवला आणि कागद अडकला. दाराची मागची कड बाहेर आली होती. नखाएवढी. दादांच्या हातून नखाएवढी म्हणजे फारच झालं.

तिनं कागद धुऊन बाजूला ठेवला. नवशिक्याची चूक असती तर तिनं सगळं गॅरेज डोक्यावर घेतलं असतं.

मग ती त्यांच्याकडे बघत राहिली. पाना टेबलावर ठेवायला गेले, टेबल जरा पुढे होतं, पाना खाली पडला. कपाच्या कानाला बोट घालायला गेले, बोट कानाच्या अलीकडेच थांबलं. ते हसले, पाना उचलला, लगेच दुसरीकडे चालू लागले. थांबले असते तर कुणीतरी विचारलं असतं.

सगळे जेवायला गेल्यावर ती गाडीसमोर बसली. डावा डोळा तळहातानं झाकला. फट सुरेख दिसत होती. दार आत आहे की बाहेर, ते कळेना. हात काढला. कळलं.

"कधीपासून?" तिनं संध्याकाळी विचारलं.

दादा बॉनेटभोवती फिरत होते. फिरतच राहिले.

"काय कधीपासून?"

"दादा, एका जागी उभे राहा. चक्कर यायला लागली मला."

ते उभे राहिले. "डोळ्यातली शीर बंद पडली म्हणे. सकाळी उठलो तर डावीकडे अंधार. बायकोला ठाऊक आहे. आता तुला."

"आणि मालकांना?"

"त्याला सांगितलं की तो मला काउंटरवर बसवणार. पेंटरबाई, तू मला कधी बसलेलं पाहिलंयस?"

तिनं आठवून पाहिलं. पाहिलं नव्हतं.

"फट दिसते गं," ते म्हणाले. "सगळं दिसतं. पण भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखं. पुढचं-मागचं कळत नाही. बाजूनं तिरकं बघितलं तर कळतं, पण मान वाकडी केली की सगळे विचारतात काय झालं."

"हात फिरवा की."

त्यांनी हात पुढे केला. बोटांची टोकं गुळगुळीत होती. इतकी वर्षं घासलेल्या फायबरनं सगळं खाऊन टाकलं होतं. "हे आता नुसते चिमटे आहेत," दादा म्हणाले. "पकडतात. बोलत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून फट दादांची आणि पातळी तिची. ती डोळे मिटून दारावरून मडगार्डवर तळहात सरकवायची. "बाहेर. अजून बाहेर. खाली बरं आहे, वर नाही." दादा पट्टी बदलायचे. डावं दार पुन्हा उतरवून असं बसवलं की डोळे मिटल्यावर दार कुठे संपतं ते तिला सापडेना. फक्त फटीची हवा बोटांना लागायची.

उजव्या दाराच्या वेळी धाकटा भाऊ मागे येऊन उभा राहिला होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

"हा काय आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ?"

ती काहीतरी थाप मारणार होती. दादांनीच सांगून टाकलं. एका दमात, गाडीला प्रदक्षिणा घालत.

भाऊ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "दादा, तू रोज ग्राइंडर चालवतोस," तो म्हणाला. "एक कण उडू दे उरलेल्या डोळ्यात. मग? वहिनीला मी काय तोंड दाखवू?"

"चष्मा लावतो मी."

"कपाळावर लावतोस. अख्खं गॅरेज बघतं."

चष्मा तेव्हाही कपाळावरच होता.

"ही गाडी पुरी कर," भाऊ म्हणाला. "तुझ्या हातची आहे, ती मी काढून घेणार नाही. पण ही शेवटची. मग समोर बसायचं. पंखा आहे, फोन आहे, माणसं येतात-जातात."

"बाहुली बसवतात तसं."

"बाहुली निदान बसते तरी!"

त्यानंतर उजवं दार जमेना. संध्याकाळी ती हात फिरवून जायची तेव्हा केसभर फरक राहिलेला असायचा. सकाळी यायची तर वरची बिजागरी सैल. दादा म्हणायचे, रात्रभरात फायबर बसतं, गाडीचं वजन चाकांवर आहे, फरक पडतोच. एकदा तिला पटलं. पुढच्या वेळी तिनं बोल्टच्या डोक्याकडे पाहिलं. पान्याची खूण ताजी, चकचकीत होती. ज्या माणसाला निम्मं काम टाकून जेवायला बसता येत नव्हतं, तो माणूस जमत आलेलं दार रोज सकाळी स्वतःच्या हातानं मोडत होता.

तिलाही आता एका जागी उभं राहवेना. रंगाचे डबे उगाच इकडून तिकडे लावत बसायची.

गाडीवाल्याचे फोन सुरू झाले. शेवटी भाऊ हात पुसत आला. "झालं का?"

"जरासं आहे," दादा म्हणाले.

"तुला नाही विचारत. पेंटर, तू सांग. खरं सांग."

दोघं तिच्याकडे बघत होते. तिनं डोळे मिटले. तळहात मडगार्डवरून दारावर नेला, दारावरून मागे. पुन्हा नेला. कुठेच काही लागलं नाही. नाही म्हटलं असतं तर आणखी एक आठवडा मिळाला असता, कदाचित दोन. पण ज्याच्या डोळ्याची जागा तिच्या हातानं घेतली होती, त्याच्याच समोर तो हात खोटा बोलेना.

"बसलं दादा," ती म्हणाली. भावाला नाही, दादांना.

दादांनी मान हलवली. वाकले, फट वरपासून खालपर्यंत बघितली. त्यांचा चेहरा क्षणभर खुलला, कारण दार खरंच सुरेख बसलं होतं. मग पाना घेतला. वरच्या बिजागरीचे दोन्ही बोल्ट आवळले. खालच्या बिजागरीचा एक आवळला. दुसरा काढला, तळहातावर घेऊन बघितला आणि खिशात टाकला.

"आलोच," म्हणाले, आणि रस्त्याकडे चालू लागले. चष्मा कपाळावर तसाच.

भाऊ त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिला. पेटीत तसले बोल्ट मूठभर पडले होते. त्यानं हात घातला नाही. तिनंही नाही.

दार तीन बोल्टांवर उभं होतं.