मेक्सिकोच्या आखातातलं वादळ आणि बाबांचा गॅस

बाबा भूगोलाचे मास्तर म्हणून रिटायर झाले आणि त्यांना शिकवायला कुणी उरलं नाही. काचीगुड्याच्या घरात आई आणि मी, दोनच विद्यार्थिनी तावडीत सापडलेल्या. मी एका परदेशी कंपनीच्या इथल्या ऑफिसात अमेरिकेतल्या तेल-गॅसच्या भावांचे तक्ते बनवते. त्यामुळे त्यातलं मला सगळं कळतं, असा घरात समज होता. तो मी कधी मोडला नव्हता.

एका सप्टेंबरात मेक्सिकोच्या आखातात मोठं वादळ उठलं. चहा पिताना बाबांनी विचारलं, "आता गॅस महागणार ना?"

"हौ बाबा," मोबाइलमधून मान वर न काढता मी म्हणाले. "समुद्रातल्या विहिरी बंद ठेवतात. माल कमी, भाव वर."

एवढ्यावर बाबांनी भाव चढेल या हिशेबाने मोबाइलवर नैसर्गिक वायूचा सौदा करून टाकला. नव्या फ्रिजसाठी ठेवलेल्या पैशांतून. मग तीन दिवस क्रिकेट बघावं तसा वादळाचा नकाशा बघत बसले. ते जरा वळलं की, "अरे, सीधा जा ना रे!"

तिसऱ्या दिवशी आईने त्यांना देवापुढे उदबत्ती लावताना पकडलं. एरवी देवाशी त्यांची ओळख फक्त गणपतीपुरती.

"काय मागताय?"

"काही नाही. वादळ जरा जोरात यावं, इतकंच."

"लोकांची घरं उडावीत म्हणून उदबत्ती?"

"देव काय माझं ऐकून वादळ पाठवणार आहे?"

"मग लावता कशाला?"

वादळ आलं. जोरात आलं. आणि गॅसचा भाव पडला.

कारण ऑफिसात कळलं. विजेच्या तारा तुटल्या, लाखो घरं अंधारात गेली, तर गॅसवर चालणारी वीजकेंद्रं तो जाळणार कुणासाठी? गॅस थंड करून जहाजात भरायचं बंदरही बंद. माल होता, गिऱ्हाईक नव्हतं. रिफायनऱ्या बंद पडल्यामुळे तिकडे पेट्रोल महागलं आणि त्यांच्या दारात पडून राहिलेलं कच्चं तेल उतरलं. मागच्या वादळांतही असं झालेलं माझ्याच तक्त्यांत होतं. मी ते बनवले होते, वाचले नव्हते.

संध्याकाळी घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. टीव्हीवर छपरावर बसून बोटीची वाट बघणारा एक म्हातारा दाखवत होते.

"माझ्याच वयाचा असेल," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वादळात तारा पडतात, हे भूगोलाच्या मास्तरला आठवू नये?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोट्यात सौदा मोडला आणि मोबाइलमधलं ते ॲपही काढून टाकलं.

आईने विचारलं, "म्हणजे आपला सिलिंडर आता स्वस्त होणार का?"

"नाही. तो गॅस वेगळा, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही," बाबा म्हणाले.

"मग इतके दिवस घरात चाललं होतं काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिज उघडून पाण्याची बाटली शोधायला लागले.