डोकं तापलं की सांगायचं

"बाई गेल्या. आता त्या खुन्याला कोण आवरणार?" आत्याच्या तेराव्याला जिलेबी वाढून घेताना कुणीतरी म्हणालं. मी नेहमीसारखी ताटात बघत राहिले.

आत्या तुरुंगात शिकवायला जायची. निवृत्त झाल्यावर तिने कामोठ्यात, आपल्या घराच्या खालीच पोळीभाजी केंद्र काढलं आणि पोळ्या लाटायला गोपाळदादाला आणलं. साताऱ्याकडचा, भावकीच्या भांडणात खून करून शिक्षा भोगून आलेला. गाळ्यामागच्या खोलीतच तो राहतो. तुरुंग हळूहळू बंदच व्हायला हवेत, असं आत्या पोळ्या बांधून देता देता गिऱ्हाइकांना सांगायची.

"मग दरोडेखोर काय जावई करून घ्यायचे?" सोसायटीचे चेअरमनकाका विचारायचे.

"छे! जावई फार डोक्यावर बसतात." मग हसू आवरून म्हणायची, "ज्याच्यापासून धोका आहे त्याला अडवायलाच हवं हो. पण अडवल्यावर त्याच्याशी बोलायचं कुणी?..."

गोपाळदादाला तिची एकच अट होती. डोकं तापलं की हातातलं टाकून तिला सांगायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने त्याला तोंडावर खुनी म्हटलं. त्याच्या हातात लाटणं होतं. मी दाराकडे सरकले... त्याने लाटणं खाली ठेवलं. "बाई, तापलं." आत्याने गॅस बंद केला, चपला घातल्या आणि दोघं मोठमोठ्याने भांडत खांदेश्वर स्टेशनच्या दिशेने निघाली. परत आली ती भेळ खात. "पोळ्या बंद? म्हंजे फिरायला गेले," म्हणत रांगेतली माणसं निवांत बाकावर बसली होती. मी मात्र तेव्हापासून दादाशी लांबूनच बोलते. आत्याला ते दिसायचं.

घर आणि गाळा तिने माझ्या नावावर केला. गेल्या रविवारी चेअरमनकाका चौघांना घेऊन आले.

"बेटा, महिनाअखेर त्याला जायला सांग. लेडीज असतात, मुलं असतात. बाई होत्या तोवर टेन्शन नव्हतं."

त्यांची भीती खोटी नव्हती. ती माझीही होती.

गोपाळदादा कणीक मळत होता. मान वर न करता म्हणाला, "जातो की, ताई. गावाकडं कुनी घेनार न्हाई, बघतो कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे कुठे, कुणीच विचारलं नाही. माझ्या तोंडाशी आधी 'सॉरी, दादा' आलं. ते गिळलं.

"काका, दादा इथेच राहतील. मी वर आत्याच्या घरात राहायला येतेय. भीती वाटली तर माझी बेल वाजवा."