देठ सोडून वजन

आमच्या समोर राहणाऱ्या हवालदारांइतका गांजा अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणी हुंगला नसेल, आणि सुपारीच्या खांडानं चक्कर येणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूसही सापडायचा नाही. मी कृषी कार्यालयातला कारकून, म्हणून छाप्याला सरकारी पंच म्हणून ते मलाच न्यायचे. शेतीतलं मला कळतं, असा त्यांचा समज होता. एकदा एका परसातली झाडं पाहून मी छातीठोकपणे "गांजाच" असं सांगून टाकलं. हवालदारांनी एक पान चावलं आणि घरच्या बाईंची माफी मागितली. बाईंनी आम्हा दोघांना त्याच अंबाडीची भाजी वाढली. मी दोनदा मागून घेतली.

कायदा बदलला की हवालदार तो वहीत उतरवून पाठ करायचे. जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, तेव्हा मोबाइल धरायचं काम माझ्याकडे आलं. माण तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात गांजाचं गाठोडं सापडलं होतं. देठ-मातीसकट तोललं तर किलोच्या वर जाऊन म्हातारा कित्येक वर्षं आत. नुसती बोंडं, म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, तोलली तर किलोच्या आत, म्हणजे जामीन. सगळंच काट्यावर टाका, असं ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं. कायद्यात गांजा म्हणजे बोंडं, देठ नव्हे, असं म्हणून हवालदार मांडी घालून बसले आणि दोन तास एकेक बोंड खुडत राहिले. देठांचं वेगळं पुडकं बांधलं.

पुढं वजन मुद्दाम कमी दाखवल्याचा संशय आला आणि हवालदारांच्या नोकरीवर बेतलं. माझं चित्रीकरण मागवलं गेलं. त्यात दोन तास फक्त मीच होतो. सेल्फीचा कॅमेरा चालू राहिला होता. आ वासलेलं तोंड, नाकावर घाम, मधेच एक जांभई. पण आवाज स्वच्छ आला होता. प्रत्येक वजन ते मोठ्यानं वाचत होते आणि म्हाताऱ्याला विचारत होते, "बाबा, काटा बगा. दिसतोय न्हवं? देठ वर गेला तर तुमी आत आन् मी पापात."

"व्हय, दिसतोय," म्हातारा म्हणत होता.

तेवढ्या आवाजावर म्हाताऱ्याला जामीन मिळाला आणि हवालदारांची नोकरी राहिली.

आता ते निवृत्त होऊन गावी गेलेत. मला पंच म्हणून कुणी बोलवत नाही, ते एका परीनं बरंच आहे. त्यांची मात्र फार आठवण येते. मग मी ते चित्रीकरण लावतो, माझं तोंड दिसू नये म्हणून मोबाइल पालथा ठेवतो आणि ऐकत बसतो.