कोरा शेला

आमच्या थोरल्या भावाने काळ्या बनातीचा कोट शिवला तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. तिकडे अमेरिकेत लोक आपसात लढत होते, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि त्यामुळे इकडे अंजनगाव सुर्जीजवळच्या काळ्या मातीत राबणारी आमच्यासारखी माणसं एकाएकी शहाणी झाली. पैशाबरोबर अक्कलही घरात येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दोन-तीन हंगामांत वऱ्हाडात येऊन पाहायला हवं होतं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्या आज्याने जन्मभर पायात वहाण घातली नाही ते करकर वाजणारे बूट घालून शेतात जाऊ लागले आणि पहिल्याच ढेकळावर पाय मुरगळून, लंगडत घरी येऊ लागले. अमरावतीच्या बाजारात तर नुसता बहुरूप्यांचा मेळा भरे. एकाच्या डोक्याला पुणेरी पगडी, अंगात साहेबी कोट आणि खाली धोतर. दुसऱ्याच्या अंगात मखमल, तीही चैत्रात. घामाच्या धारा लागलेल्या, पण गडी बटण काढायला तयार नाही.

या सगळ्यांत आमचा दादा पहिल्या रांगेत होता. कोटासाठी तो अकोल्याला गेला. जुन्या शहरात मुंबईहून आलेला कोणी शिंपी बसतो असं त्याला कळलं होतं. मापाला एकदा, बेतायला एकदा आणि आणायला एकदा, असे त्याने मोर्णा नदीच्या काठाला खेटे घातले. तेवढ्या वेळात घरची निंदणी झाली असती. कोट आला तो असा घट्ट, की दादाला गाडीत मागे रेलता येईना. पाठीला काठी बांधल्यासारखा ताठ बसून तो अमरावतीपर्यंत जाई. खाली पडलेली वस्तू उचलायची झाली तर दुसऱ्याला हाक मारी.

आणि रंग काळा! कापसाच्या धंद्यातल्या माणसाने काळी लोकर अंगावर घालावी, यापेक्षा मूर्खपणा मला तरी सुचत नाही. बाजारात पाऊल टाकताक्षणी त्याच्या अंगभर कापसाचं रोंवट चिकटे, आणि मग दिवसभर दोन बोटांच्या चिमटीने ते वेचत राहणं हाच त्याचा उद्योग. ज्या कापसाने कोट दिला तोच कापूस हा माणूस उवा वेचाव्यात तसा अंगावरून वेचून फेकत होता. मला ते बघवत नसे. गावातल्या एका म्हाताऱ्याने तर भर पारावर त्याला विचारलं, "काहून गा, रिद्धपूरले जाऊन महानुभावांची दीक्षा घेतली काय? काळं नेसून राहिला आजकाल." सगळे हसले. दादा हसला नाही. नवे कपडे घातलेल्या माणसाला सगळ्यात आधी हसायला येईनासं होतं, हे मी तेव्हापासून पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे.

कोट आला तसं खांद्यावरचं उपरणं गेलं. बनातीवर उपरणं गावंढळ दिसतं, असं त्याला शिंप्याने सांगितलं होतं म्हणे. शिंप्याचं काय जातं!

आमच्या बाबांना कपड्यांची आवड नव्हती असं कोणी समजू नये. उलट मी पाहिलेल्या माणसांत कपडे कसे वापरावेत हे त्यांनाच कळत होतं. दोन धोतरं, आलटून पालटून, पण रोज स्वच्छ धुतलेली. अंगात बंडी. पागोटं मात्र ते स्वतःच बांधत आणि त्याला वेळ लागला तरी चालत असे. डाव्या कानावर ते किंचित उतरतं ठेवायची त्यांची लकब होती, इतकी की दूरच्या बांधावरून नुसतं पागोटं दिसलं तरी माणसं ओळखत. त्यात नट्टापट्टा नव्हता, पण तोरा होता, आणि तो त्यांना शोभे. पागोटं एकदा बांधलं की दिवसभर त्यांचा हात पुन्हा तिकडे जात नसे. खांद्यावरचं उपरणं तर सगळ्या कामाचं. त्यानेच घाम पुसायचा, त्यातच भाकरी बांधायची, तेच अंथरून झाडाखाली पाठ टेकायची. आणि बाजारात गेल्यावर त्याच उपरण्याखाली सौदा करायचा.

हे सौद्याचं सांगायला हवं. आमच्याकडे कापसाचा भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून ते खरेदीदाराच्या आणि आपल्या हातावर टाकी. मग आत बोटं बोलत. पंजा धरला की एक आकडा, दोन बोटं दाबली की दुसरा, नकार असला की हात नुसता सैल. भोवती माणसांचं कडं असलं तरी आत काय चाललंय ते कोणाला कळत नसे. कापड नेहमी विकणाऱ्याचं आणि त्याच्या स्वतःच्या घरचं असायचं, कारण कोणाच्या शब्दावर माल विकला जातोय हे त्यावरून ठरे. उसन्या कापडाखाली हात दिला तर तो सौदा कापडवाल्याचा समजत. बाबांच्या उपरण्याचं एक टोक बाजारातल्या हातांनी काळपट पडलं होतं. कितीही आपटून धुतलं तरी तो डाग जात नसे, आणि आई तो घालवण्याच्या नादाला कधी लागली नाही.

आमच्या गावचा कापूस बाबाच विकत. ज्यांना बाजारात कोणी विचारत नसे अशी लहान लहान माणसंही आपली गाडी बाबांच्या गाडीमागे लावत आणि निर्धास्त राहत. पण कोट शिवला त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून बाबांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. ऊन-थंड कळेना, चिमटा कळेना. बोटांनी बोलणाऱ्या माणसाची बोटंच मुकी झाली म्हटल्यावर काम दुसऱ्या कोणाकडे तरी जाणार, हे उघड होतं. ते दादाकडेच जाणार हेही उघड होतं. तो थोरला, आणि खरं सांगायचं तर हुशारीतही तो माझ्या पुढे. ओसरीवर बाबांनी आम्हा दोघांना बोटांची भाषा शिकवली तेव्हा तो एकदा धरलेला हात विसरत नसे. मी चुकत असे. त्याला ते काम हवंही होतं. गावचा माणूस म्हणून बाजारात उभं राहायचं, याचीच तर त्याने कोट शिवून तयारी केली होती.

ज्या दिवशी बाबा त्याच्या हाती काम सोपवणार होते, त्या दिवशी आम्ही गावच्या सगळ्या गाड्या घेऊन अमरावतीत शिरलो. भाव आठवडाभर डळमळत होता. लढाई संपली, संपणार, असं रोज कोणीतरी नवं सांगे. मुंबईच्या पेढीचा खरेदीदार सकाळपासून भराभर गाड्या उरकत चालला होता, आणि दुपारी काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. तो आमच्या गाड्यांपाशी आला. मूठभर रुई ओढून पाहिली, मान हलवली आणि हात पुढे केला. भोवती माणसं जमली.

दादाचा हात खांद्याकडे गेला. खांद्यावर बनात होती.

"पाटील, कपडा?" खरेदीदार म्हणाला.

बाबांनी आपलं उपरणं काढून दादापुढे धरलं. त्या धरण्याचा अर्थ गावच्या प्रत्येक गाडीवाल्याला कळला. काम दिलं, असाच तो अर्थ होता. दादाने उपरण्याकडे पाहिलं, त्या काळपट टोकाकडे पाहिलं, मग खरेदीदाराच्या मलमलीच्या बाहीकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हे मळकं फडकं टाकू काय मी त्याच्या हातावर? लोकं काय मनतील, बाबा? थांबा जरा, मी नवं घेऊनच येतो."

आणि तो गेला! कापड गल्ली जवळच होती, पण जवळ असून काय उपयोग? कपड्याच्या दुकानात गेलेला दादा आणि विहिरीत पडलेली बादली, दोन्ही बाहेर काढायला माणूस पाठवावा लागे. पुढे त्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितलं की पहिल्या दुकानातला शेला पांढरा असला तरी त्याचा काठ फिका होता. दुसऱ्या दुकानात कोटाच्या पितळी बटणांना जुळेल असा जरीचा काठ मिळाला. मग शेला कोटावर एका खांद्यावरून घ्यावा की दोन्ही खांद्यांवरून, हे त्याने आरशात पाहून ठरवलं. गावचं वर्षभराचं राबणं उन्हात गाड्यांवर उभं, बायाबापड्यांनी बोटं रक्ताळून वेचलेला माल, आणि आमचे बंधुराज आरशापुढे! आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना माझं डोकं तापतं.

खरेदीदार थोडा वेळ थांबला. मग त्याने पुढच्या गाड्यांकडे नजर टाकली आणि पाय उचलला. आमच्या मागच्या गाडीवरचा एकजण रडवेला होऊन म्हणाला, "बाबाजी, आता कसं करता जी?"

बाबांनी ते उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं. "लहान्या, तुले येते ना? धर त्याचा हात."

"मी चुकतो, बाबा."

"चुकशील त चुक. पन उभा राय."

मी उभा राहिलो. खरेदीदाराला हाक मारली, उपरणं टाकलं, आत हात घातला. त्याचा हात गरम आणि कोरडा होता. त्याने बोटं दाबली, मी सैल सोडली. त्याने पुन्हा दाबली, मी त्याचा पंजा धरला. कापडाला बाबांच्या घामाचा वास येत होता, आणि त्या वासानेच मला धीर दिला. शेवटी त्याने माझा पंजा घट्ट आवळला आणि सौदा झाला. फार थोर भाव मी काढला नाही, पण गाड्या रिकाम्या झाल्या. दुपारी मुंबईहून भाव कोसळल्याची बातमी आली, आणि मागे राहिलेल्या गाड्यांकडे कोणी ढुंकून पाहीना.

त्या गोंधळात दादा आला. कोटावर शेला, शेल्याला जरीचा काठ, चेहऱ्यावर राजाची कळा. कापसाने भरलेल्या गाड्या सोडून गेला होता, रिकाम्या गाड्यांपाशी येऊन उभा राहिला. त्याने माझ्या खांद्यावरचं उपरणं पाहिलं. मग बाबांकडे वळून म्हणाला, "थांबा मनलं होतं ना मी?"

बाबा बैल जुंपत होते. वर न बघता म्हणाले, "चांगला दिसून राहिला तू." यात टोमणा होता की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. दादाला बहुधा ती स्तुतीच वाटली.

पुढच्या हंगामात कापसाचा सोन्याचा भाव गेला. बूट गेले, मखमली गेल्या, शिंगांवरच्या शेंब्या गेल्या. बनातीच्या कोटाला कसर लागली. बाजारात मात्र दादा येतच राहिला, खांद्यावर तो शेला नीट घडी करून. कोणी खरेदीदार दिसला की पुढे होऊन शेला काढून धरी. समोरचा नमस्कार करी, तब्येत विचारी आणि विचारी, "धाकटे पाटील कुठं आहेत?" गावचे गाडीवालेही त्याला मान देत, पाणी देत, बसायला घोंगडं देत. त्याच्यामागे गाडी मात्र कोणी लावली नाही.

बाबा गेले. ते उपरणं जीर्ण होऊन फाटलं, मग मी माझं घेतलं, आणि आता त्याचंही टोक काळं पडलं आहे. माझ्या मुलीच्या लग्नात दादा तोच शेला घेऊन मांडवात बसला होता. व्याह्यांनी काठ हातात घेऊन पाहिला, एवढ्या वर्षांचा म्हटल्यावर नवल केलं आणि म्हणाले, "किती जपलाय हो! एक डाग नाही."

दादा खूश झाला. म्हणाला, "हात लावू दिला नाही कोनाले."